साठ बिया म्हणजे साठ नमुने नव्हेत: जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग, प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत

"मॅडम, यावर कोणती टेस्ट लावायची?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रयोग तोवर आटोपलेला असतो. आकडे वहीत असतात, अहवाल उद्या द्यायचा असतो, आणि संख्याशास्त्र हे एक यंत्र आहे, वरून आकडे ओतले की खालून निष्कर्ष पडतो, अशी त्यांची समजूत असते. मी विचारते, "नमुने किती?" उत्तर येतं, "साठ." जरा खोदून विचारलं की कळतं, बिया साठ होत्या खऱ्या, पण तीस एका डिशमध्ये आणि तीस दुसऱ्या. म्हणजे प्रत्येक बाजूला नमुना एकच. आता कुठलीही टेस्ट लावा, ही चूक निस्तरत नाही.

म्हणून इथे सूत्रांपासून सुरुवात न करता एकच साधा प्रयोग हातात घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. विषय असा: मिठाच्या पाण्यात वाटाण्याच्या मुळाची वाढ खुंटते का? पुढे जे आकडे येतील ते रीत समजावी म्हणून मी बेतलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या डिशमधून यायला हवेत.

प्रश्न मोजता येईल असा करा

"मिठाचा रोपावर काय परिणाम होतो?" हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे, पण खरं तर तो नुसता विषय आहे. कोणतं मीठ, किती, रोपाचा कोणता भाग, किती दिवसांनी, कशाच्या तुलनेत, यातलं काहीच त्यात नाही. तोच प्रश्न असा लिहून पाहा: "५० मिलीमोलर (लिटरला ०.०५ मोल) सोडिअम क्लोराइडच्या, म्हणजे साध्या मिठाच्या, द्रावणात चार दिवस वाढलेल्या वाटाण्याच्या आदिमुळाची (बीतून निघणाऱ्या पहिल्या मुळाची) लांबी, डिस्टिल्ड वॉटरमध्ये वाढलेल्या आदिमुळापेक्षा वेगळी असते का?" वाक्य लांबलं, पण काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कशाशी ताडून पाहायचं हे सगळं त्यात आलं.

गृहीतक लिहिताना एकच कसोटी लावा: ते चुकीचं ठरू शकतं का? "मिठाचा वाढीवर परिणाम होऊ शकतो" हे वाक्य कधीच खोटं पडणार नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. "मिठाच्या द्रावणात मूळ आखूड राहील" हे खोटं पडू शकतं, आणि म्हणूनच ते तपासण्याजोगं आहे. सोबत शून्य गृहीतकही लिहून ठेवा: दोन्ही गटांच्या सरासरी लांबीत फरक नाही. पुढचं सगळं गणित या शून्य गृहीतकाभोवती फिरतं.

आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, इथे मिठाची तीव्रता. जे मोजतो ते अवलंबी चल, इथे मुळाची लांबी. उरलेलं सगळं दोन्ही गटांत सारखं ठेवायचं: तापमान, उजेड, डिशमधला कागद, द्रावणाचे मिलीलिटर, बियांचा आकार. पाठ्यपुस्तकात ही यादी दोन ओळींत संपते. प्रयोगशाळेत मात्र ती रोज कुठेतरी निसटते. साधं उदाहरण म्हणजे झाकण. ते नीट बसलं नाही तर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. चौथ्या दिवशी त्या डिशमध्ये ५० मिलीमोलर उरलेलंच नसतं. द्रावण ६० झालं की ७०, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

रेडीची तिसरी बरणी

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. पण कंट्रोल म्हणजे "काहीही न घातलेली डिश" एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहिला की कंट्रोलचा खरा अर्थ ध्यानात येतो. सडत्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात, असा तेव्हा समज होता. रेडींनी मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. इथे थांबता आलं असतं. पण एक आक्षेप उरत होता: बंद बरणीत हवाच नव्हती, कदाचित अळ्यांना हवा लागत असेल. म्हणून त्यांनी आणखी काही बरण्यांवर नुसतं विरळ कापड बांधलं. हवा आत जाईल, माश्या जाणार नाहीत. मांसावर अळ्या झाल्या नाहीत. माश्या मात्र कापडापाशी घोटाळल्या.

बंद बरणीने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, हवा आणि माश्या. कापडाच्या बरणीने त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कंट्रोल ठरवताना म्हणूनच स्वतःला विचारायचं: माझ्या दोन गटांत मला हव्या असलेल्या फरकाखेरीज आणखी काय वेगळं आहे? आपल्या प्रयोगातही असा एक छुपा फरक दडलेला आहे. शेवटी त्याच्याकडे येऊ, तोवर स्वतः शोधून पाहा.

मांडणी: नमुना कशाला म्हणायचं

सोडिअम क्लोराइडचं रेणुवस्तुमान ५८.४४. म्हणजे ५० मिलीमोलर द्रावणासाठी लिटरला २.९२ ग्रॅम. मीठ आधी साधारण ८०० मिलीलिटर पाण्यात विरघळवायचं आणि मग १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. १ लिटर पाणी मोजून त्यात मीठ टाकायचं नाही. इतक्या विरळ द्रावणात फरक नगण्य पडेल, पण सवय आत्ताच लागलेली बरी.

सारख्या आकाराच्या, न फुटलेल्या १२० बिया निवडा आणि भिजवा. बारा डिश घ्या, प्रत्येकीत दहा बिया. सहा डिशमध्ये मिठाचं द्रावण, सहांमध्ये डिस्टिल्ड वॉटर, प्रत्येकीत मोजून तेवढंच.

साठ-साठ बियांच्या दोन मोठ्या ताटल्या का नकोत? कारण एका डिशमधल्या दहा बियांचं नशीब एकमेकांना बांधलेलं असतं. तेच द्रावण, तोच कागद, तीच जागा. एखाद्या डिशमध्ये बुरशी शिरली तर दहाही बियांना ती बाधते. द्रावण आपण बीला देत नाही, डिशला देतो. जिला स्वतंत्रपणे वागणूक दिली ती डिश, म्हणून नमुन्याचं एकक डिश. दहा मुळांची सरासरी काढायची, आणि तो एक आकडा म्हणजे एक नमुना. आपल्याकडे प्रत्येक गटात नमुने सहा.

बियांनाच नमुना धरलं तर साठ विरुद्ध साठ असं गणित होतं आणि फरक आहे त्याहून कितीतरी ठाम वाटू लागतो. पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला "स्यूडोरेप्लिकेशन" असं नाव दिलं. मराठीत "खोटी पुनरावृत्ती" म्हणू. हीच चूक वेगवेगळ्या वेषांत येते. एका बेडकाच्या वीस पेशी म्हणजे वीस बेडूक नव्हेत. एका झाडाची पन्नास पानं म्हणजे पन्नास झाडं नव्हेत. एकच मूळ तीनदा मोजलं तर तुमच्या मोजण्याची खात्री होते, मुळांची संख्या वाढत नाही.

आता बारा डिश कुठे ठेवायच्या? मिठाच्या एका रांगेत आणि पाण्याच्या दुसऱ्या रांगेत मांडल्या तर एक रांग खिडकीजवळ येणार. बारा चिठ्ठ्या करा, उचला, येईल त्या क्रमाने डिश मांडा. "मी सहज, काही न बघता ठेवल्या" हे यादृच्छिक नव्हे. डोळे मिटून उचललेल्या बियाही यादृच्छिक नसतात, मोठ्या बिया हाताला आधी लागतात.

शक्य असेल तर मोजणाऱ्याला कोणती डिश कोणत्या गटातली हे कळू देऊ नका. मित्राकडून डिशवर नुसते १ ते १२ आकडे घालून घ्या आणि कोणता आकडा कोणत्या गटाचा ही यादी त्याच्याकडेच ठेवा. हा फाजील संशय नाही. रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोडे यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार निघालेल्या वंशातले आहेत, आणि काहींना सांगितलं होतं की तुमचे मंद वंशातले. उंदीर प्रत्यक्षात सारखेच होते. तरी "हुशार" उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. कोणी मुद्दाम फसवलं असंही नाही, अपेक्षा हातातून आणि नजरेतून झिरपते. आपल्याकडे ती अशी झिरपते: वाकडं मूळ मिठाच्या डिशमधलं असलं की ते "साधारण २४" वाटतं आणि पाण्याच्या डिशमधलं असलं की "२५ धरू".

प्रयोग सुरू व्हायच्या आधी वहीत आणखी एक गोष्ट लिहा: न रुजलेल्या बीचं काय करणार? लांबी शून्य धरणार, की वगळणार? शून्य धरलं तर "बी रुजते का" आणि "मूळ किती वाढतं" हे दोन प्रश्न एकाच आकड्यात कालवले जातात. मी वगळते, आणि किती रुजल्या ते वेगळ्या रकान्यात लिहिते. तुम्ही काहीही ठरवा, पण आकडे दिसायच्या आधी ठरवा.

मोजमाप: पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

कॉलेजात असताना मी एकदा सत्तर पानांची लांबी मोजली. पट्टीची शून्याकडची कड झिजली होती, म्हणून १ सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजायला घेतलं. तसं करणं योग्यच होतं. पण वाचनातून तो १ सेंटीमीटर वजा करायला विसरले, आणि तेही सलग दोन तास. सरासरी सुरेख आली, आकडे एकमेकांच्या जवळजवळ होते, आणि सगळे १० मिलीमीटरने चुकलेले.

त्या दोन तासांत एक भेद कायमचा डोक्यात बसला. आकडे एकमेकांच्या जवळ असणं म्हणजे प्रिसिजन, खऱ्या किमतीच्या जवळ असणं म्हणजे अ‍ॅक्युरसी. माझं प्रिसिजन उत्तम होतं. पुन्हापुन्हा मोजून सरासरी घेतली की इकडेतिकडे विखुरणारी चूक कमी होते, कारण कधी जास्त, कधी कमी असं होऊन ती आपसात खपते. पण सगळ्याच वाचनांना एकाच दिशेला ढकलणारी चूक हजार वेळा मोजूनही तिथेच राहते. शून्यावर न आणलेला तराजू, झिजलेली पट्टी, कॅलिब्रेट न केलेला पीएच मीटर, ही सगळी त्याच जातीची मंडळी. ज्याचं माप आधीच ठाऊक आहे अशी एखादी वस्तू मोजून पाहणं, हा त्यांच्यावरचा साधा उपाय.

मुळाकडे येऊ. मूळ सरळ नसतं. बारीक ओला दोरा मुळाच्या वळणावरून टोकापर्यंत फिरवा, तिथे चिमटीत धरा, आणि दोरा ताणू न देता पट्टीवर ठेवा. कुठून मोजायचं तेही आधी ठरवा: बीजावरण फोडून मूळ बाहेर आलं तिथपासून टोकापर्यंत. वाचताना डोळा खुणेच्या बरोबर वर असावा. तिरकस पाहिलं की पॅरलॅक्समुळे मिलीमीटरभर सहज हुकतं. मोजपात्रातलं पाणी वाचतानाही हेच: पात्र सपाट जागी, डोळा पाण्याच्या पातळीला, वाचन वक्राच्या तळाशी. यापेक्षा सोयीचा मार्ग म्हणजे शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढायचा आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुळावरून रेषा ओढून लांबी काढायची. फोटो राहतो, त्यामुळे शंका आली तर पुन्हा मोजता येतं.

साध्या पट्टीचं लघुतम माप १ मिलीमीटर. प्रत्येक टोकाला अर्ध्या मिलीमीटरची अनिश्चितता धरली तर लांबी ± १ मिलीमीटर. अशा पट्टीने मोजून "सरासरी ३३.१६६६७ मिलीमीटर" लिहिणं म्हणजे कॅल्क्युलेटरने दिलं ते उतरवणं. सरासरीत मूळ वाचनापेक्षा एक दशांश स्थळ जास्त ठेवलं की भागतं. मधल्या पायऱ्यांत मात्र आकडे गोल करू नका, शेवटी एकदाच करा.

सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी चालत नाही. तिथे नेत्रिकेत ऑक्युलर मायक्रोमीटर, म्हणजे काचेवर कोरलेली बारीक पट्टी असते, पण तिच्या भागांना स्वतःचं माप नसतं. ते स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे ठाऊक मापाच्या खुणा असलेल्या काचपट्टीशी, जुळवून काढावं लागतं. स्टेजचा एक भाग ०.०१ मिलीमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर. समजा, एका ठरावीक ऑब्जेक्टिव्हखाली ऑक्युलरचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बरोबर बसले. १० भाग म्हणजे १०० मायक्रोमीटर, भागिले ४०, म्हणून ऑक्युलरचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. रक्षक पेशी १४ भाग लांब दिसली तर ती ३५ मायक्रोमीटर. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे गणित रद्द, पुन्हा जुळवा. प्रात्यक्षिक परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

वही

पेनने लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहा. कच्च्या कागदावर लिहून "नंतर नीट उतरवू" म्हणू नका, उतरवताना आकडे बदलतात. रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा. न रुजलेल्या बीसमोर "रुजली नाही" असं लिहा, शून्यही नको आणि रिकामी चौकटही नको. तीन महिन्यांनी रिकामी चौकट पाहून काहीच आठवत नाही.

स्प्रेडशीटमध्ये भरताना प्रत्येक ओळीला एक डिश, आणि भरून झाल्यावर वहीशी एकदा ताडून पाहा. एक्सेल स्वतःच्या मनानेही आकडे बदलतं. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावं असलेल्या मानवी जनुकांची ते सरळ तारीख करून टाकायचं. हा घोळ इतका वाढला की शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

सरासरी, मध्यक आणि विखुरण

चार दिवसांनी डिशनिहाय सरासरी लांबी मिलीमीटरमध्ये अशी आली असं धरू.

पाणी: ३१, ३४, २९, ३६, ३३, ३५
मीठ: २६, २२, २८, २५, २९, २६

गणिताआधी हे बारा आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. हे काम दोन मिनिटांचं असतं, आणि आकड्यांची अदलाबदल, टायपिंगची चूक किंवा एखादा भलताच ठिपका लगेच नजरेत भरतो. इथे मिठाचे ठिपके डावीकडे, पाण्याचे उजवीकडे, आणि फक्त २९ हा आकडा दोन्हीकडे आहे. निम्मं उत्तर इथेच मिळालं.

पाण्याची बेरीज १९८, सरासरी ३३. मिठाची बेरीज १५६, सरासरी २६. फरक ७ मिलीमीटर.

सरासरी नेहमीच चालते असं नाही. पाच रोपांवरचा मावा मोजला आणि संख्या १२, १५, १४, १३ आणि ९६ आली, तर सरासरी ३०. पण ३०च्या आसपास मावा असलेलं रोप एकही नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर मध्यक १४, आणि तो चार रोपांचं खरं चित्र सांगतो. म्हणून ९६ खोडून टाकायचं का? नाही. मावा असाच थव्याने राहतो, ती त्याची रीत आहे. आकडा नकोसा आहे म्हणून वगळता येत नाही. त्या रोपाबाबत मोजताना नेमकं काय चुकलं हे सांगता आलं तरच वगळायचा, आणि वगळल्याचं अहवालात लिहायचं.

आता विखुरण. पाण्याच्या गटात प्रत्येक आकड्यातून ३३ वजा करा: −२, १, −४, ३, ०, २. यांची बेरीज शून्य येते, म्हणून वर्ग करायचे: ४, १, १६, ९, ०, ४, एकूण ३४. आता भागायचं, पण सहाने नाही, पाचाने. सरासरी याच सहा आकड्यांतून काढली असल्याने पाच फरक कळले की सहावा आपोआप ठरतो. मोकळे फरक पाचच, म्हणून मुक्तांश ५. ३४ भागिले ५ म्हणजे ६.८, हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ २.६ मिलीमीटर, हे प्रमाण विचलन. मिठाच्या गटात वर्गांची बेरीज ३०, प्रचरण ६, प्रमाण विचलन २.४. एक्सेलमध्ये दोन सूत्रं आहेत. शेवटी "एस" असलेलं पाचाने भागतं, "पी" असलेलं सहाने. आपल्याला "एस" हवं, कारण आपल्याकडे नमुना आहे, जगातले सगळे वाटाणे नाहीत.

आकडे घंटाकृती वक्राप्रमाणे पसरलेले असतील तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन धरलं की सुमारे ६८ टक्के नमुने त्यात येतात, दोन धरली की सुमारे ९५ टक्के.

प्रमाण त्रुटी ही वेगळी चीज आहे आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. प्रमाण विचलन सांगतं की एक डिश दुसरीपासून किती वेगळी असते. प्रमाण त्रुटी सांगते की आपण काढलेली सरासरी कितपत डळमळीत आहे. प्रमाण विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं: २.६०८ भागिले २.४४९, म्हणजे पाण्यासाठी १.०६. मिठासाठी १.००. डिश वाढवल्या तर प्रमाण विचलन साधारण तेवढंच राहील, प्रमाण त्रुटी घटेल. पण ती निम्मी करायला डिश दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. आलेखावर त्रुटिरेषा काढल्या तर त्या विचलनाच्या की त्रुटीच्या हे खाली लिहा. प्रमाण त्रुटीच्या रेषा आखूड असतात, आलेख नेटका दिसतो, आणि बरेच जण त्या मोहानेच त्या निवडतात. गटात सहाच नमुने असताना मी तर स्तंभ काढतच नाही, सहाही ठिपके दाखवते आणि सरासरीला एक आडवी रेघ.

फरक खरा की योगायोग

७ मिलीमीटरचा फरक मोठा की लहान? डिश-डिशमधल्या नैसर्गिक फरकाशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. विल्यम गॉसेट हे गिनेस या बिअर कारखान्यात काम करत. छोट्या नमुन्यांवरून निर्णय घेणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्यांनी १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने यावरचा मार्ग छापला, आणि टी-टेस्ट त्यातूनच आली. तिचा गाभा एका भागाकारात आहे: वर दोन सरासऱ्यांमधला फरक, खाली त्या फरकाची प्रमाण त्रुटी.

खालचा भाग काढू. ६.८ भागिले ६ म्हणजे १.१३, आणि ६ भागिले ६ म्हणजे १. बेरीज २.१३, वर्गमूळ १.४६. म्हणून टी = ७ भागिले १.४६ = ४.७९. मुक्तांश ५ अधिक ५, म्हणजे १०. टीच्या छापील तक्त्यात १० मुक्तांशांसाठी ०.०५ पातळीची दुतर्फा (फरक कोणत्याही दिशेला असला तरी धरणारी) किंमत २.२२८, आणि ०.००१ पातळीची ४.५८७. आपला टी दोन्हींच्या पुढे गेला, म्हणजे पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी.

याचा अर्थ नीट वाचा. मिठाचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. "शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता हजारात एकाहून कमी" असा याचा अर्थ होत नाही. वाक्यं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, पण आधी "परिणाम नाही" असं धरूनच पी-मूल्य काढलेलं आहे, ते त्या धरण्याबद्दल कसं बोलेल?

०.०५ ही सीमाही निसर्गाने आखलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. ०.०४९ आला की पेढे आणि ०.०५१ आला की सुतक, असं काही नसतं. आणि लांबी, वजन, पानं, रंग अशा वीस वेगवेगळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी तपासल्या, तर परिणाम मुळीच नसतानाही कुठेतरी एकदा तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून काय मोजायचं ते आधी ठरवा, आणि जे जे मोजलं ते सगळं सांगा.

पी-मूल्यापेक्षा मला ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक किती ते किती असू शकेल याचा पट्टा, जास्त बोलका वाटतो. १.४६ गुणिले २.२२८ म्हणजे ३.३. ७ मधून तेवढं वजा आणि अधिक केलं की ३.७ ते १०.३ मिलीमीटर. परिणाम आहे की नाही एवढंच नव्हे, तो किती आहे आणि तो आकडा किती सैल आहे, हेही यातून कळतं.

मोजलेलं नसून गणलेलं असेल तर

बी गोल की सुरकुतलेली, रुजली की नाही, अशा प्रश्नांत लांबी नसते, नुसती संख्या असते. तिथे टी-टेस्ट नव्हे, कार्ल पीअरसन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी. मेंडेलचेच वाटाणे घेऊ. दुसऱ्या पिढीत त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, एकूण ७३२४. ३:१ प्रमाणाने अपेक्षा होती ५४९३ आणि १८३१. दोन्हीकडे फरक १९, त्याचा वर्ग ३६१. ३६१ भागिले ५४९३ म्हणजे ०.०६६, ३६१ भागिले १८३१ म्हणजे ०.१९७. बेरीज ०.२६३. मुक्तांश १, ०.०५ पातळीची सीमा ३.८४१. आपला आकडा तिच्या कितीतरी खाली, म्हणजे निरीक्षण ३:१ शी विसंगत नाही. "३:१ सिद्ध झालं" असं लिहू नका.

या कसोटीत टक्केवारी घालायची नाही, प्रत्यक्ष संख्याच घालायच्या. अपेक्षित संख्या कुठेही ५ च्या खाली जाऊ देऊ नका. जाता जाता: फिशर यांनी १९३६ साली मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र धरून हीच कसोटी लावली आणि आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, असं दाखवून दिलं. त्यावरचा वाद कितीतरी दशकं चालला.

निष्कर्षाचं वाक्य

आपल्या प्रयोगाचं वाक्य असं होईल: "५० मिलीमोलर सोडिअम क्लोराइडमध्ये चार दिवस वाढलेल्या वाटाण्याच्या आदिमुळाची सरासरी लांबी (२६.० ± २.४ मिमी) डिस्टिल्ड वॉटरमधल्यापेक्षा (३३.० ± २.६ मिमी) ७.० मिलीमीटरने कमी होती (९५ टक्के विश्वास-अंतराल ३.७ ते १०.३ मिमी; टी = ४.७९, मुक्तांश १०, पी < ०.००१). किमती सरासरी ± प्रमाण विचलन अशा दिल्या आहेत. प्रत्येक गटात दहा बियांच्या सहा डिश." "मीठ वनस्पतींना घातक आहे" हे वाक्य या प्रयोगातून येत नाही. आपण एक वनस्पती, एक तीव्रता आणि चार दिवस पाहिले.

आणि तो छुपा फरक. मिठाच्या डिशमध्ये सोडिअम आणि क्लोराइड होते, पण त्याच वेळी पाणी शोषून घेणंही बीला जड गेलं, कारण कोणतंही द्रावण शुद्ध पाण्यापेक्षा पाणी जास्त धरून ठेवतं. मूळ आयनांमुळे खुंटलं की पाणी कमी मिळाल्यामुळे? आपल्या बारा डिश यावर गप्प आहेत. मिठाची बरणी म्हणजे रेडीची बंद बरणी, तिने दोन गोष्टी एकदम बदलल्या. कापडाची बरणी करायची तर मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घ्या. त्याचे आयन होत नाहीत, पण पाणी ते तसंच धरून ठेवतं. मिठाच्या एका रेणूचे दोन आयन होतात, म्हणून तेवढाच ताण आणायला मॅनिटॉल साधारण दुप्पट, १०० मिलीमोलर, म्हणजे लिटरला १८.२ ग्रॅम. आणखी सहा डिश लागतील, आणि चिठ्ठ्या अठरा. जुन्या बारा डिशचे आकडे वापरून नव्या सहा त्यांच्या शेजारी मांडू नका, अठराही एकाच दिवशी, एकाच पिशवीतल्या बियांपासून लावा. गट तीन झाले की टी-टेस्टच्या जोड्या लावत बसायचं नाही, तिथे अ‍ॅनोव्हा, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्या एकत्र ताडणारी कसोटी, लागते. हे वहीत आज लिहा, बिया भिजवायच्या आधी.